झोंबी, वेताळ आणि न उडालेला सुरुंग

मराठीच्या प्राध्यापकापुढे ‘झोंबी’ हा शब्द उच्चारला, की त्याला प्रथम आनंद यादव आठवतात. कागलच्या एका शेतकऱ्याच्या पोराने शिक्षणासाठी दारिद्र्याशी घेतलेली ती झोंबी १९८७ साली पुस्तकरूपाने आली, १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, आणि निदान कोल्हापूर जिल्ह्यात तरी त्या शब्दाला दुसरा काही अर्थ असू शकेल, हे आमच्या पिढीच्या स्वप्नातही नव्हते. आमच्या वर्गातल्या मुलांचा झोंबी मात्र निराळा. तो मेलेला आहे, पण निजलेला नाही. पाय ओढत चालतो, आवाजाच्या दिशेने वळतो, आणि ज्याला चावतो त्याला आपल्यासारखा करतो. जॉर्ज रोमेरो याच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या १९६८ सालच्या चित्रपटाने त्याला आजचे रूप दिले. गंमत अशी, की त्या चित्रपटात झोंबी हा शब्द एकदाही येत नाही. पुढे तो जगभर हिंडला, २०१३ साली हिंदीतून गोव्यात उतरला आणि २०२२ साली आदित्य सरपोतदार यांच्या ‘झोंबिवली’मधून थेट डोंबिवलीत येऊन मराठी बोलू लागला.

कथालेखनाच्या तासाला आम्ही मुलांना ‘राधानगरीत झोंबी आले तर’ असा विषय दिला, तेव्हा सहकाऱ्यांपैकी काहींनी भुवया उंचावल्या. आमचा हेतू साधा होता. अद्भुताला परिचित भूगोल दिला, की लिहिणाऱ्याला नेमकेपणा शिकावा लागतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०११ साली आपत्तीची पूर्वतयारी लोकांच्या गळी उतरवण्यासाठी याच झोंब्यांचा आधार घेतला होता, हेही आमच्या मनात होते. सरकारी खात्याला जी युक्ती चालते, ती मराठीच्या वर्गाला का चालू नये?

गोष्टी आल्या. भूगोल खरोखरच नेमका होता. कुणाची मढी दाजीपूरच्या जंगलातून गव्यांच्या वाटेने उतरत होती, कुणाची फोंडा घाट चढून येत होती. कुणी धरणाचे सातही स्वयंचलित दरवाजे एका रात्रीत उघडले होते. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधावयास घेतलेले धरण आणि त्यांनी आपल्या कन्येचे नाव दिलेले हे गाव, दोन्ही प्रथमच कथेत आल्याचा आनंद मुलांच्या अक्षरांतून दिसत होता. शेवट मात्र, तीन-चार गोष्टी सोडल्यास, सर्वांचा एकच. नायकाला खाणीवरच्या किंवा विहिरीच्या कामावरच्या पत्र्याच्या खोलीत जिलेटिनच्या कांड्यांची पेटी सापडते. तो ती पाठीवरच्या पिशवीत भरतो, गावकऱ्यांना मागे ठेवून पुढे जातो, एक ठिणगी टाकतो, आणि धूर विरल्यावर गाव वाचलेले असते.

सुरुंग या मुलांना परका नाही, ही गोष्ट इथे ध्यानात घ्यावी लागेल. तालुक्यात बॉक्साइटच्या खाणी झाल्या. कातळात विहीर खणायची, रस्ता रुंद करायचा, तर सुरुंग लावावा लागतो. लाल निशाण, शिट्टी, आडोशाला धावणारी माणसे, मग जमिनीच्या पोटातून आलेला दणका, हे दृश्य इथल्या बहुतेक मुलांनी पाहिलेले असते. तरीही कथा लिहिताना त्यांना आठवली ती पडद्यावरची स्फोटके. पडद्यावर ती गरज पडताच सापडतात, हवी तेव्हाच उडतात आणि दुष्टांनाच लागतात.

म्हणून आम्ही शुद्धलेखन बाजूला ठेवून समासात प्रश्न लिहीत गेलो. ही पेटी इथे कुणी आणून ठेवली? किती पावसाळ्यांपूर्वी? आमच्याकडच्या आषाढात लाकडाला बुरशी येते आणि मिठाला पाणी सुटते. त्या ओलीत पडून राहिलेली स्फोटके कशी वागतील, याचा भरवसा जाणकारही देत नाहीत. नायकाने कांड्या आणि डिटोनेटर एकाच पिशवीत का भरले? ही दोन्ही वेगवेगळी साठवायची आणि वेगवेगळी न्यायची, हा तर या व्यवसायातला पहिला धडा. डिटोनेटर ही करंगळीएवढी धातूची नळी. ती खेळण्यासारखी दिसते म्हणूनच अधिक घातक. तिला कुतूहलाने ठोकून पाहणाऱ्याची बोटे जातात, डोळे जातात. आणि हे सारे नायकाला शिकवले कुणी? आपल्या देशात स्फोटकांचा कायदा १८८४ पासून आहे, आजचे नियम २००८ सालचे आहेत, त्यांवर देखरेख करणाऱ्या संघटनेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. स्फोटके बाळगायला परवाना लागतो, वापरायला प्रशिक्षित माणूस लागतो. मढ्यांनी गाव वेढले असता परवाना कोण विचारणार, असे मुले म्हणतील. कबूल. पण मढी कायदा मोडू शकतील, रसायनशास्त्र मोडू शकणार नाहीत.

मौज अशी, की ज्या चित्रपटापासून ही परंपरा सुरू झाली, त्यात ही समज पुरेपूर आहे. रोमेरोच्या चित्रपटात एक तरुण जोडपे ट्रकमध्ये पेट्रोल भरायला जाते. जवळच पेटता पलिता असतो, पेट्रोल सांडते, ट्रक पेट घेतो आणि दोघेही त्यातच संपतात. त्यांना मारायला मढ्यांची गरजच पडत नाही. मॅक्स ब्रुक्स या लेखकाच्या ‘वर्ल्ड वॉर झेड’ या २००६ सालच्या कादंबरीत तर न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स येथे अमेरिकेचे सैन्य आपल्या साऱ्या दारूगोळ्यानिशी मढ्यांसमोर उभे राहते आणि हरते. स्फोटाचे निम्मे बळ भीतीत असते आणि मेलेला माणूस भीत नाही. या प्रकारातल्या चांगल्या कृतींना जे कळले होते, ते त्यांच्या नकलांतून गळून गेले. मूळ कृतीत अपघात असतो, नकलेत त्याचा विजय होतो.

कथांमधला आणखी एक संकेत आम्हांला विचार करायला लावून गेला. मोठा आवाज झाला, की मढी त्या दिशेने गोळा होतात. वास्तवात आवाजाच्या दिशेने गोळा होतात ती जिवंत माणसे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज उभे होते. त्यात कापसाच्या गाठी होत्या, सोन्याच्या विटा होत्या आणि सुमारे १४०० टन स्फोटके होती. दुपारी आग लागली. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे मेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. देशभर १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळला जातो, तो त्यांच्या स्मरणार्थ. त्या जहाजावर घातक माल असल्याचे सांगणारे लाल निशाण चढवलेले नव्हते. गोदीत काम करणारे, आग बघायला थांबलेले, धावत आलेले, यांतल्या बहुतेकांना आपण कशाच्या शेजारी उभे आहोत, हे ठाऊकच नव्हते. जहाजावरच्या काहींना ते ठाऊक होते.

ही ठाऊक असण्या-नसण्याची फाळणी आम्हांला या विषयाचे मर्म वाटते. त्याकडे वळण्यापूर्वी खऱ्या झोंबीची ओळख करून घेऊ.

सुरुंगाच्या कामात एक नियम आहे. छिद्रे किती भरली ते ठाऊक असते, म्हणून आवाज मोजायचे. सात भरले आणि सहाच दणके ऐकू आले, तर सातवा आत जिवंत आहे, असे धरून चालायचे. मोजणीत शंका आली, तरी तसेच. ठरलेला वेळ जाईपर्यंत कुणी जवळ फिरकायचे नाही, त्याच छिद्रात पुन्हा पहार घालायची नाही, जागा अडवून ठेवायची. हा जो सातवा, न उडालेला, तोच आमच्या मते खरा ‘मेलेला पण न निजलेला’. त्याच्याकडे पाहून तो मेला असे वाटते. तो दिवसेंदिवस, वर्षानुवर्षे पडून राहतो. आणि एखाद्या अजाण हाताच्या स्पर्शाने उठतो.

असे किती पडले असतील याची कल्पना करू पाहावी, तर मती गुंग होते. १९६४ ते १९७३ या काळात लाओसवर २७ कोटींहून अधिक छोटे बाँब पडले, आणि त्यांतले ३० टक्क्यांपर्यंत न फुटता जमिनीत राहिले असावेत, असा अंदाज आहे. तिथला शेतकरी आजही नांगर धरताना तो हिशेब मनात ठेवतो. फ्रान्समध्ये पहिल्या महायुद्धातली काही रणभूमी शंभर वर्षांनंतरही माणसांना बंद आहे. आपल्याकडे, ज्या गोदीचा उल्लेख वर केला, तिथला गाळ उपसताना २०११ साली, म्हणजे ६७ वर्षांनी, जिवंत तोफगोळा निघाला. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ जुना, निकामी करावयाचा दारूगोळा उतरवताना स्फोट झाला आणि सहा माणसे गेली. ज्याचे आयुष्य संपले म्हणून ज्याला पुरायला नेले, त्यानेच नेणाऱ्यांना नेले. याहून यथार्थ झोंबीकथा कुणी लिहिलेली आमच्या वाचनात नाही.

आता राधानगरी. इथल्या जंगलाला गव्यांसाठी १९५८ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला, १९८५ साली त्याचा विस्तार झाला आणि २०१२ साली पश्चिम घाटासोबत ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. वारसा जगाचा झाला, पण त्याच्या कडेला भात, नाचणी आणि ऊस पिकवणारा शेतकरी इथलाच राहिला. रात्री गवे उसात शिरतात, डुकरे भुईमुगाचे वाफे उपसतात. आमच्या ओळखीचे एक वयस्क शेतकरी म्हणाले, “गुरुजी, चार म्हयने राबून एका रात्रीत रान नांगरल्यागत हुतंय. तुमी पुस्तकातलं जंगल बगता, आमी आमच्या ताटातलं बगतो.” या बोलण्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. नुकसानभरपाईची तरतूद आहे. पण पंचनामा, अर्ज, खेपा आणि मग हाती पडणारी रक्कम, हा प्रवास ज्याने केला त्यालाच तिची खरी किंमत ठाऊक.

या संतापातून आणि शिकारीच्या जुन्या हौसेतून, सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या गावांत एक वस्तू वावरते. तिला गावठी बाँब म्हणतात. डुकराला आवडणाऱ्या खाद्याच्या लेपात दडवलेली स्फोटके रानाच्या वाटेवर ठेवायची. जनावराने चावा घेतला, की जबडा उडतो. शिकार बेकायदेशीर, स्फोटके बाळगणे बेकायदेशीर, आणि क्रौर्य तर कोणत्याही कायद्याने न मोजता येणारे. २०२० साली केरळात पालक्काड जिल्ह्यात स्फोटके भरलेले फळ खाऊन एक गाभण हत्तीण नदीच्या पाण्यात उभी राहून मेली, तेव्हा साऱ्या देशाला हळहळ वाटली. आमच्या रानांत डुकरे मरतात म्हणून हळहळ उमटत नाही. पण त्या गोळ्याला डूक कुठले आणि म्हैस कुठली, हे कळत नाही. चरायला सोडलेले जनावर, गवत कापणारी बाई, चेंडू समजून उचलणारे पोर, हुंगत गेलेला कुत्रा, सगळे त्याच्या लेखी एकच. ठेवलेल्या दहांपैकी सकाळी आठच सापडले, तर उरलेले दोन रानात जिवंत राहतात. ठेवणारा कधी विसरतो, कधी गस्तीच्या भीतीने परत जात नाही.

एकतीस गोष्टींच्या गठ्ठ्यात एका मुलीची गोष्ट सर्वांहून वेगळी होती. तिच्यात गावावर चालून येणारी मढ्यांची झुंड नव्हती, शेवटी दणका नव्हता. एका आजीची म्हैस रानात जबडा फुटून मेलेली असते. आठव्या रात्री ती उठते. कुणालाही चावत नाही, तिला चावायला तोंडच उरलेले नाही. ती फक्त दर रात्री एकेका घराच्या दारात येऊन उभी राहते. घरातले दिवा मालवतात. सारा गाव जाणतो, की रानात कुणी काय ठेवले होते. कुणीच बोलत नाही. गोष्ट तिथेच थांबते.

ही गोष्ट वाचताना आम्हांला आमचा स्वतःचा, देशी झोंबी आठवला. वेताळ हा प्रेतात शिरणारा, स्मशानातल्या झाडाला लटकणारा. संस्कृतातून सदाशिव काशीनाथ छत्रे यांच्यामार्फत मराठी गद्याच्या अगदी आरंभकाळी आलेला. घाट उतरून सिंधुदुर्गात आणि पुढे गोव्यात गेले, तर तोच वेताळ ग्रामदैवत होऊन गावाची राखण करताना दिसतो. मढ्याला राखणदार करणारी ही कल्पना आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. विक्रम राजाच्या खांद्यावर बसून वेताळ गोष्ट सांगतो, शेवटी प्रश्न विचारतो आणि अट घालतो : उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास, तर तुझ्या मस्तकाची शकले होतील. लहानपणी आपण ही अट भीतीपोटी लक्षात ठेवतो. तिच्यातला न्याय कळायला वय व्हावे लागते. अज्ञानाला वेताळ शिक्षा देत नाही. शिक्षा आहे ती ठाऊक असूनही धरलेल्या मौनाला. स्फोटकांच्या बाबतीत ही अट अक्षरशः लागू पडते. फरक इतकाच, की मस्तक फुटते ते दुसऱ्याचे.

स्फोटकांपासून सुरक्षितता म्हणून जे काही शास्त्र आहे, त्याचा गाभा शोधत गेले तर तो धाडसात सापडत नाही, हत्यारांतही नाही. तो सांगण्यात सापडतो. लाल निशाण म्हणजे सांगणे. शिट्टी म्हणजे सांगणे. खाणकामाच्या नियमांत तर अशी तरतूद आहे, की न उडालेला सुरुंग सापडला नाही, तर पाळी संपवून घरी जाण्यापूर्वी सुरुंग लावणाऱ्याने ते पुढच्या पाळीच्या माणसाला कळवले पाहिजे आणि तशी नोंद झाली पाहिजे. त्याची पाळी संपली, तरी त्याच्या ज्ञानाची पाळी संपत नाही. सामान्य माणसासाठीही नियम तेवढेच सरळ आहेत. रानात, शेतात, भंगारात, जुन्या कामाच्या जागी अनोळखी गोळा, कांडी, वायर बाहेर आलेली नळी दिसली, तर हात लावू नये, काठीने ढोसू नये, पाणी ओतू नये, उचलून ठाण्यात नेण्याचे शौर्य दाखवू नये. आल्या वाटेने, आपल्याच पावलांवर परत फिरावे. लांबून दिसेल अशी खूण करावी, पोरांना आणि गुरांना अडवावे, आणि ११२ वर पोलिसांना कळवावे. जंगलातली बाब असेल, तर वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आहे. स्फोट होऊन गेला असेल, तरी बघायला धावू नये. गोदीतला दुसरा स्फोट विसरू नये.

हे सगळे नियम वर्गात सांगून झाले, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, आणि ठेवणारा आपल्याच भावकीतला असला तर?” वर्गात हशा पिकला नाही. आम्हांला त्या शांततेने पुष्कळ सांगितले. शहरातल्या माणसाला कळवणे सोपे वाटते, कारण त्याला कळवून झाल्यावर त्याच पाणवठ्यावर, त्याच दूधसंस्थेत, त्याच लग्नाच्या पंगतीत जायचे नसते. विक्रम राजा होता. बोलल्यावर त्याला वाळीत कोण टाकणार? आम्ही मुलांना एवढेच म्हणालो, की माणसाचे नाव सांगणे ज्याला जड जाते, त्याने निदान जागेचे नाव सांगावे. ‘अमक्याने ठेवले’ हे तोंडून निघत नसेल, तर ‘तमक्या ओढ्याच्या अंगाला गुरे सोडू नका’ हे तरी निघावे. न्याय तेवढ्याने होणार नाही, पण एखादे पोर वाचेल. हे उत्तर अपुरे आहे, हे मुलांनाही कळले असावे.

भित्तिपत्रकासाठी गोष्टी निवडायची वेळ आली, तेव्हा म्हशीची गोष्ट लिहिणारी मुलगी येऊन म्हणाली, “सर, गाव वळकंल.” आम्ही निर्णय तिच्यावर सोडला. तिने दोन दिवस घेतले. मग आजी आणि ओढा यांची नावे बदलून, स्वतःचे नाव न घालता गोष्ट लावायला दिली. स्फोटांनी संपणाऱ्या गोष्टींपुढे मुलांची गर्दी झाली. हिच्यापुढे एकेकटा उभा राहून वाचणारे अधिक होते, आणि त्यांतले काही जण वाचून झाल्यावरही तिथून हलत नव्हते.

आमच्या कथा-कादंबऱ्यांत सुरुंग लावणारे नायक पुष्कळ झाले. सहा आवाज ऐकून झाल्यावर, सारे घरी निघाले असता, ‘सातवा अजून आत आहे’ असे मोठ्याने म्हणणाऱ्या माणसाला मात्र नायकपद अद्याप कुणी दिलेले नाही. एकतीस मुलांपैकी एकीला त्याची उणीव जाणवली, हे थोडके नव्हे.